लाकडाच्या गॅसवर ट्रॅक्टर: १९८६ चं एक प्रकरण आज कसं वाचायचं

पेट झाली, गाइड मिळाले, आता विषय शोधायचाय, अशा टप्प्यावरच्या मुलामुलींकडून गेल्या काही महिन्यांत एक कल्पना मला वेगवेगळ्या रूपांत ऐकायला मिळाली. इंदापूर तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरच्या कडेनं वेडी बाभूळ माजली आहे. बारामतीत उसाचं पाचट पेटवलं जातं. मग या लाकडापासून, पाचटापासून गॅस करून ट्रॅक्टर का चालवू नये? वनविभागाचे ट्रॅक्टर-टँकर उन्हाळ्यात पाणवठे भरत फिरतात, त्यांना डिझेल कशाला, जंगलातलंच लाकूड चालेल की! कल्पनेच्या जोडीला बहुतेक वेळा एक पीडीएफ असते: अनिल राजवंशी यांचं 'बायोमास गॅसिफिकेशन' हे प्रकरण. 'अल्टर्नेटिव्ह एनर्जी इन अ‍ॅग्रिकल्चर' या डी. योगी गोस्वामी संपादित ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ते १९८६ साली सीआरसी प्रेसनं छापलं.

पीडीएफ आवडण्याचं कारण उघड आहे. लेखक आपल्या शेजारचे आहेत. नीरा ओलांडली की फलटण, आणि फलटणला निंबकर अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे 'नारी'. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली सुरू केलेली संस्था. राजवंशी फ्लोरिडातून डॉक्टरेट करून १९८१ साली तिथं आले आणि तिथंच राहिले. पुढं २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच भागात बसून लिहिलेलं, वीसेक पानांत सगळा विषय सांगणारं प्रकरण. सिनॉप्सिसला याहून चांगलं काय हवं?

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. हे प्रकरण उत्तम आहे आणि विषयात शिरायला आजही मी तेच आधी वाचायला सांगेन. पण त्याच्या जोरावर वाहनाचा विषय उभा करू नका. वाहनाला लागणारं उत्तर त्यात पुरेसं नाही, आणि त्याच लेखकांचं पुढचं काम इंजिनाच्या दिशेनं गेलेलं नाही. ते का, हे कळणं हाच आपल्या लिटरेचर रिव्ह्यूचा खरा अभ्यास.

गॅस म्हणजे नेमकं काय

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाकूड पूर्ण जाळायला एका किलोला साधारण सहा किलो हवा लागते. तेवढी हवा न देता दीड-पावणेदोन किलोच दिली, तर लाकूड अर्धवट जळतं. त्या उष्णतेनं बाकीच्या लाकडातला ओलावा जातो, मग वाफा निघतात, मागं कोळसा राहतो. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ या तापलेल्या कोळशातून ओढली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतो. हाच प्रोड्यूसर गॅस. त्यात साधारण २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, १५ ते २० टक्के हायड्रोजन, थोडा मिथेन, आणि निम्म्याच्या आसपास नायट्रोजन, जो काहीच कामाचा नाही. एका घनमीटरमध्ये ऊर्जा साधारण ५ मेगाज्यूल.

हे नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा जगभरात जवळपास दहा लाख वाहनं अशा गॅसवर चालली. स्वीडनमध्ये लाकडावर आणि कोळशावर, आपल्याकडं मुख्यतः कोळशावर. कोळशावरच्या सर्व्हिस मोटारींच्या गोष्टी आजोबा-पणजोबांच्या पिढीनं सांगितलेल्या असतात: मागं भट्टी, निघायच्या आधी पंखा फिरवून ती फुलवायची, आणि घाट आला की उतारूंनी खाली उतरायचं. हे शेवटचं लक्षात ठेवा, खाली हिशेबात येणार आहे.

प्रकरणाची जमेची बाजू

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. इतिहास, मग रसायन, मग गॅसिफायरचे प्रकार, मग इंधन कसं हवं, मग गॅस थंड आणि स्वच्छ कसा करायचा, मग वापर. प्रत्येक टप्प्याला आकडा आहे. नवशिक्याला कागद-पेन घेऊन सोबत चालता येतं. आजकालचे रिव्ह्यू पेपर दोनशे संदर्भ देतात आणि त्यातून एक भट्टीही मापता येत नाही. या वीस पानांतून मापता येते.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. गॅसिफायर दिसायला साधा, त्याचं तत्त्व साधं, पण तो नीट चालवणं साधं नाही आणि त्यासाठी ठाम नियम हातात नाहीत, हे राजवंशी स्पष्ट लिहितात. गॅस स्वस्तात आणि भरवशानं थंड व स्वच्छ करणं हीच या यंत्रणेतली सगळ्यात मोठी अडचण, हेही ते लपवत नाहीत. १९८६ साली, पर्यायी ऊर्जेसाठी सरकार पैसे द्यायला तयार असताना, असं लिहिणं सोपं नव्हतं. विषयाच्या प्रेमात पडलेला माणूस सहसा अडचणी शेवटच्या परिच्छेदात कोंबतो. इथं तसं झालेलं नाही.

त्याच वर्षी आणखी एक पुस्तक आलं: जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचं, म्हणजे एफएओचं, 'वुड गॅस अ‍ॅज इंजिन फ्युएल', वनविषयक मालिकेतलं ७२ वं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. रसायन दोन्हींत जवळपास तेच. पण एफएओच्या पुस्तकात वेगवेगळ्या देशांत प्रत्यक्ष चाललेल्या यंत्रणांची वर्णनं आहेत आणि धोक्यांवर स्वतंत्र भाग आहे. राजवंशींचं प्रकरण यंत्र समजावतं, एफएओचं पुस्तक यंत्राभोवतीचं जगही थोडं दाखवतं. दोन्ही मिळून एक पुरं पुस्तक होतं असं मला वाटतं.

आता आक्षेप. चार आहेत.

पहिला आक्षेप: ताकदीचा हिशेब अर्ध्यावर सोडला जातो

हा आक्षेप प्रकरणापेक्षा ते वापरणाऱ्यांवर जास्त आहे. सिनॉप्सिसमध्ये हमखास वाक्य असतं, की प्रोड्यूसर गॅसनं ७० ते ८० टक्के डिझेल वाचतं. स्थिर वेगानं, चांगल्या भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनासाठी हा आकडा बरोबर आहे. त्यापुढचा प्रश्न कोणी विचारत नाही: ताकद किती उरली?

स्वतः करून पाहा. १ घनमीटर गॅस जाळायला साधारण १.१ घनमीटर हवा लागते. म्हणजे ५ मेगाज्यूल ऊर्जा २.१ घनमीटर मिश्रणात पसरली. घनमीटरला २.४. पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणात घनमीटरला ३.८ असते. सिलिंडरचं माप तेच, आत जाणारी ऊर्जा ६३ टक्के. पेट्रोल इंजिनाची एक तृतीयांशाहून जास्त ताकद कागदावरच गेली. गॅस गरम असेल, फिल्टर चोंदला असेल, तर आणखी जाते. घाटात उतारू का उतरत होते, ते आता कळलं असेल. डिझेल इंजिनात थोडं डिझेल सोडत राहिल्यानं आणि आत जादा हवा असल्यानं नुकसान कमी होतं, पण होतंच.

आता इंधनाचा हिशेब. १ लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल. बऱ्यापैकी वाळलेल्या लाकडात किलोला १५. गॅसिफायरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर किलोमागं गॅसमध्ये १०.५ उतरतात. म्हणजे १ लिटर डिझेलच्या जागी ३.४ किलो लाकूड. ट्रॅक्टर तासाला ४ लिटर खातोय आणि दिवसाला सहा तास चालतोय असं धरू. २४ लिटर. त्यातले ७० टक्के वाचवायचे, म्हणजे १६.८ लिटर, म्हणजे ५७ किलो लाकूड. खांडोळी करून भरलं तर २०० लिटरचा एक ड्रम शिगोशीग.

एक ड्रम म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण हे लाकूड २० टक्के ओलाव्याचं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणी असतं, म्हणजे रोज ९१ किलो ओलं लाकूड तोडायचं, सुपारीपेक्षा मोठे आणि मुठीपेक्षा लहान तुकडे करायचे, आणि वाळवायचे. वेड्या बाभळीचे काटे ज्यानं टायरमधून काढलेत त्याला हे काम कसलं असतं ते सांगायला नको. डिझेलचे १६.८ लिटर वाचले, त्यात मजुरीचे तास किती गेले, हा रकाना मला प्रकरणात सापडत नाही. आपल्या मुलांच्या सिनॉप्सिसमध्ये तर नाहीच नाही.

दुसरा आक्षेप: पंपाचं शहाणपण वाहनाला पुरत नाही

प्रकरणाचा कल स्थिर इंजिनाकडं आहे: पंप, जनरेटर, आणि थेट उष्णता. शेतीच्या पुस्तकातलं प्रकरण, तेव्हा हे स्वाभाविक. पंप एकदा सुरू झाला की दोन-चार तास एकाच भारावर चालतो. वाहन तसं नसतं. टँकरचा ट्रॅक्टर चढावर पूर्ण ताकद मागतो, पाणवठ्यावर पाणी सोडताना नुसता घुरघुरत उभा राहतो.

हे महत्त्वाचं का? डाउनड्राफ्ट गॅसिफायरमध्ये लाकडाच्या वाफा एका चिंचोळ्या तापलेल्या गळ्यातून ओढल्या जातात. तिथल्या उष्णतेत डांबर, म्हणजे टार, मोडतं. इंजिन कमी गॅस ओढायला लागलं की गळा थंड होतो, टार न मोडता पुढं येतं आणि थंड झाल्यावर व्हॉल्व्हवर चिकटून बसतं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी किती गॅस नीट देता येतो, याचं गुणोत्तर युद्धकाळातल्या साध्या इम्बर्ट भट्टीत ३ च्या आसपास होतं. वाहनासाठी ते किमान ८ हवं, असं टी. बी. रीड आणि ए. दास यांच्या १९८८ सालच्या अमेरिकन हँडबुकात म्हटलंय. पंपाला ३ पुरतं. ट्रॅक्टरला पुरत नाही.

इंजिनाला साधारण १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टार असलेला घनमीटरभर गॅस लागतो. डाउनड्राफ्ट भट्टीतून निघालेल्या गॅसमध्ये ते १ ग्रॅमच्या आसपास असतं, भट्टी नीट तापलेली असताना. म्हणजे दहा भागांतले नऊ भाग फिल्टरनं पकडायचे. शेडमधल्या पंपाजवळ पाण्याची टाकी, भुशाचा फिल्टर, कापडाचा फिल्टर असं सगळं मांडता येतं. ट्रॅक्टरवर मांडायचं तर टँकर ओढायचा की फिल्टर?

आणखी एक. १९८६ च्या इंजिनात डिझेलचा पंप पूर्ण यांत्रिक होता. आपल्या भागातल्या बहुतेक ट्रॅक्टरांत तो आजही तसा आहे. पण २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले, आणि त्या इंजिनांत डिझेल किती सोडायचं हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. हवेच्या नळीत बाहेरचा गॅस सोडला की ती काय करेल, हा वेगळा अभ्यास आहे. जुना आकडा नव्या इंजिनाला लावता येत नाही.

तिसरा आक्षेप: 'टाकाऊ' हा शब्द

त्या काळच्या जवळजवळ सगळ्या लेखनाप्रमाणे इथंही शेतातला उरलेला माल म्हणजे हाताशी असलेलं इंधन, अशी धारणा आहे. बारामती-इंदापुरात उभं राहून पाहिलं तर ती तपासावी लागते.

वेडी बाभूळ कोणाला नको आहे, हे खरं. पण तिचं लाकूड कोणाला नको आहे, हे खरं नाही. ते गावात चुलीला जातं. त्याच्या कोळशाच्या भट्ट्या लागतात. भट्ट्यांवर राबायला कोकणातून कातकरी कुटुंबं येतात. हे लाकूड ट्रॅक्टरच्या भट्टीत गेलं तर ते कोणाच्या तरी चुलीतून आणि कोणाच्या तरी मजुरीतून जाईल. ते जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण प्रबंधात त्याची किंमत शून्य धरू नये.

पाचटाचं तसंच. पूर्वी सरसकट पेटवायचे. आता पाचट शेतातच आच्छादन म्हणून ठेवा, खोडव्यात कुजवा, असं कृषी विभाग आणि कृषी विज्ञान केंद्रं सांगतात, आणि बरेच शेतकरी तसं करूही लागले आहेत. ते भट्टीत घालायचं तर जमिनीचं काय, हा प्रश्न आला. शिवाय पाचट हलकं. ट्रॉलीभर भरलं तरी वजन भरत नाही. त्यात राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त. एफएओचं पुस्तक सांगतं की राख ५-६ टक्क्यांच्या आत असेल तर सहसा भट्टीत खडे धरत नाहीत, १२ टक्क्यांवर गेली तर हमखास धरतात. पाचट या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात येतं. म्हणजे लाकडाची भट्टी घेऊन त्यात पाचट घालता येणार नाही. ती वेगळीच बनवावी लागेल.

चौथा आक्षेप: माणूस हिशेबात नाही

गॅसिफायर चालवणं ही जवळजवळ कला आहे, असं प्रकरण वाचून वाटतं. मान्य. मग कलाकाराचे तास कुठं आहेत? राख किती तासांनी काढायची, फिल्टर किती तासांनी धुवायचा, टार काढायला रॉकेल किती लागलं, एकटा माणूस हे करू शकतो का, तो आजारी पडला तर कोण करणार?

हे प्रश्न किरकोळ नाहीत, आणि याला पुरावा आहे. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या अनुदानातून शेतीपंपांसाठी छोटे गॅसिफायर दिले गेले. नंतरच्या आढाव्यांत नोंद आहे की काहींनी ते केवळ स्वस्तात मिळणाऱ्या डिझेल इंजिनासाठी घेतले. गॅसिफायर बाजूला पडला आणि इंजिन डिझेलवर चालू राहिलं. मला यात शेतकऱ्याचा अडाणीपणा दिसत नाही, उलट चोख हिशेब दिसतो. त्यानं स्वतःचे तास मोजले. संशोधकांनी मोजले नव्हते.

माणसाचा दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे. या गॅसचा पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड आहे, म्हणजे दहा लाखांत दोन लाख भाग. आठ तासांच्या कामाच्या जागी अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा दहा लाखांत ५० आहे. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो. इंजिन चालू असताना गॅस आत ओढला जातो, त्यामुळं गळती झाली तरी सहसा हवा आत जाते. इंजिन बंद केल्यावर भट्टी धुमसतच असते, आणि तेव्हा गॅस बाहेर येतो. म्हणजे धोका कधी जास्त? काम संपल्यावर, ट्रॅक्टर शेडमध्ये लावल्यावर, सगळे निवांत झाल्यावर. राजवंशींनी विषारीपणाचा उल्लेख केला आहे, एफएओनं जास्त जागा दिली आहे. पण प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला पान एकवर जे कळायला हवं, ते दोन्हीकडं खूप मागं येतं. मी परीक्षक असतो तर 'साहित्य आणि पद्धती'त कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि चारी बाजूंनी उघडी शेड नसलेला सिनॉप्सिस परत पाठवला असता.

वनविभागाच्या वाहनाला तर आणखी एक गोष्ट लागू होते. स्वीडनचं जंगल ओलं, बर्फाचं. आपल्याकडं बारामतीत सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, इंदापुरात कडबनवाडीचा माळ. दोन्हीकडं गवताळ प्रदेश, चिंकारांचा. पाणवठे भरायचे ते एप्रिल-मेमध्ये, गवत वाळून कोळ झालेलं असताना. त्या गवतातून धगधगती भट्टी, गरम राख आणि ठिणग्या घेऊन वाहन न्यायचं? वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढणाऱ्या विभागाला हे सुचवायचं धाडस मला होणार नाही.

मग नारीनं पुढं काय केलं

इथं खरी समीक्षा सुरू होते, कारण एक प्रकरण वाचून लेखक कळत नाही. नुसती शीर्षकं कालक्रमानं लावा.

१९८६: हे प्रकरण. १९८९: राजवंशी आणि जोशी यांचा पेपर, ३.७५ किलोवॉटच्या म्हणजे ५ एचपीच्या डिझेल पंपसेटला जोडलेला, वरून उघडा लाकडाचा गॅसिफायर आणि तो चालवण्याचा अनुभव. १९९५: जोरापूर आणि राजवंशी, उसाच्या पाचटाचा गॅसिफायर, वीजनिर्मितीसाठी. १९९७: पुन्हा जोरापूर आणि राजवंशी, पाचट आणि बगॅसचा गॅसिफायर, पण आता औद्योगिक उष्णतेसाठी. हा शेवटचा ताशी १०८० मेगाज्यूलपर्यंतचा, प्रयोगशाळेत ७०० तासांहून जास्त चालवलेला, आणि नंतर एका धातू-उद्योगातल्या तेलावरच्या भट्टीला जोडून पाहिलेला.

दिशा दिसली का? लाकडाकडून पाचटाकडं, म्हणजे इथल्या मातीत जे खरंच आहे त्याकडं. आणि इंजिनाकडून भट्टीकडं. कारण त्यांनी कुठं एका वाक्यात सांगितलंय असा माझा दावा नाही, हे माझं वाचन आहे. पण तर्क सरळ आहे. गॅस गरम असतानाच जाळला तर टार गॅसबरोबर जळून जातं, उलट त्याची उष्णता मिळते. १९८६ साली जी सगळ्यात मोठी अडचण म्हटली होती, ती थंड करण्याची आणि स्वच्छ करण्याची यंत्रणा, ती १९९७ सालच्या वापरात जवळजवळ लागतच नाही. अकरा वर्षांत अडचण सुटली नाही, तर जिथं ती येतच नाही अशी जागा शोधली गेली. हे मी कमीपणाचं समजत नाही. मोठ्या संशोधकाचं हे एक लक्षण आहे.

त्याच पेपरात आणखी एक आकडा आहे: इंधनाच्या वजनाच्या साधारण २४ टक्के कोळसा-चूर मागं राहतो, आणि तो कांडी करून जाळता येतो किंवा जमिनीत घालता येतो. पाचट जमिनीतून काढलं तर जमिनीचं काय, या वरच्या आक्षेपाला इथं अर्धं उत्तर आहे. मला वाटतं आपल्या भागातल्या विद्यार्थ्यासाठी १९८६ च्या प्रकरणातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा एक आकडा जास्त मोलाचा आहे.

'गॅप' कुठं आहे

गाइड विचारतात, रिसर्च गॅप काय? आणि आपण शोधतो की अमुक गोष्ट कोणी केलेली नाही. ट्रॅक्टरचा विषय असाच सुचतो: महायुद्धात चालत होतं, मग बंद पडलं, आता कोणी करत नाही, म्हणजे गॅप. पण युद्ध संपून पेट्रोल मिळायला लागल्याबरोबर लोकांनी भट्ट्या काढून टाकल्या. स्वीडननं १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा ट्रॅक्टर आणि ट्रकवर पद्धतशीर प्रयोग केले, आणीबाणीची तयारी म्हणून. रोजच्या वापरासाठी नाही. जिथं कोणी जात नाही अशी जागा दोन प्रकारची असते: कोणाला न दिसलेली, आणि पाहून लोक परतलेली. दुसरीला गॅप म्हणायचं तर ते का परतले हे आधी लिहावं लागेल.

या विषयात खऱ्या जागा आहेत. पाचटाच्या गॅसनं गुऱ्हाळाची चुलवण चालेल का, चिपाड वाचेल का, आणि वाचलेलं चिपाड कुठं जाईल? मागं राहिलेला २४ टक्के चूर आपल्या काळ्या, क्षारपड होत चाललेल्या जमिनीत घातला तर तीन हंगामांत काय होतं? आणि मला सगळ्यात आवडणारा: एक गॅसिफायर घ्या, शंभर तास चालवा, आणि गॅसच्या घटकांसोबत माणसाचा प्रत्येक मिनिट नोंदवा. लाकूड तोडणं, वाळवणं, भरणं, राख काढणं, फिल्टर धुणं, थांबून वाट पाहणं. या तक्त्याला महागडं उपकरण लागत नाही. एक वही आणि घड्याळ पुरतं. १९८६ च्या प्रकरणात नसलेला रकाना तोच आहे.

ज्यांना तरीही ट्रॅक्टरच करायचाय त्यांनी जरूर करावा, पण मग कमी भारावर गळ्याचं तापमान किती पडतं आणि त्या क्षणी टार किती वाढतं, एवढाच प्रश्न घ्या. उभ्या इंजिनावर, उघड्या शेडमध्ये, अलार्म लावून. त्याचं उत्तर आलं, की भट्टी चाकांवर चढवायची की नाही ते आपोआप ठरेल.

प्रकरण वाचायचं असेल तर नारीच्या संकेतस्थळावर राजवंशींचं बरंच लेखन मिळतं. आधी ते वाचा, मग १९९७ चा पेपर, आणि मग मधले दोन. या क्रमानं वाचलं की १९८६ सालचं प्रत्येक पान थोडं वेगळं दिसतं. वाचून झाल्यावर कोणाला वेगळं मत मांडायचं असेल तर खाली लिहा. विशेषतः ज्यांनी गुऱ्हाळावर किंवा कोळशाच्या भट्टीवर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी, कारण तासांचा हिशेब तुमच्याइतका चांगला कोणत्याच पेपरात मिळणार नाही.